तक्ता वाचायची वेळ

माझी नजर एका दिवसात गेली नाही. आधी संध्याकाळी सायकलवरून परतताना रस्त्याच्या कडा दिसेनाशा झाल्या. मग वावरात पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान उलटून धरलं तरी त्यावरचे तुडतुडे दिसेनात. मी कृषी खात्यात गावोगाव फिरणारा माणूस, बार्शीटाकळीकडची गावं माझ्याकडे होती, आणि पान उलटून बघणं हेच तर माझं काम. काही महिने मी शेतकऱ्यालाच विचारून वेळ मारून नेली. "काय दिसून राहिलं, सांग बरं," असं म्हणायचं आणि तो सांगेल त्यावर मान हलवायची. पुढे तेही जमेना. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, उपाय नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बायको शेजारच्या खुर्चीवर बसलेली होती. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "चला, आधी काही खाऊन घ्या."

नोकरी मात्र राहिली. मला अकोल्याच्या कार्यालयात टेलिफोनवर बसवलं. शेतकऱ्यांनी फोन करायचा, पिकाचं काय झालं ते सांगायचं आणि मी सल्ला द्यायचा. वऱ्हाडात ती वर्षं फार वाईट होती. रोजच्या पेपरात कुठल्या ना कुठल्या गावची बातमी असायची आणि ऑफिसात कोणी ती मोठ्याने वाचत नसे. मला येणारे सगळेच फोन किडीचे नसत. कोणी विचारायचं, "साहेब, पाऊस कधी येईन?" कोणी नुसताच लावायचा. "काही नाही जी, सहज लावला," म्हणायचा आणि मग बराच वेळ बोलत राहायचा. अशा माणसाचा फोन मी कधी आधी ठेवला नाही.

सल्ल्यासाठी माझा आधार म्हणजे अमरावतीच्या कचेरीतून दर आठवड्याला येणारं पत्रक. त्यात मजकूर थोडा आणि तक्ता मोठा असे. पीक कोणतं, ते कोणत्या अवस्थेत आहे, कीड कोणती, औषध कोणतं, दहा लिटर पाण्यात किती घालायचं, फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही, असे रकाने. मी त्याचा छापील कागद घरी आणायचो आणि सकाळी चहा होत असताना बायको तो वाचून दाखवायची. माझं पाठांतर चांगलं होतं. दोनदा ऐकलं की आठवडाभर डोक्यात राहायचं.

ती हिवरखेडची, शेतकऱ्याच्या घरातली. तक्ता वाचायची तिची स्वतःची एक तऱ्हा होती. ओळीमागून ओळ असा तो कधी वाचला जातच नसे. "ज्वारीची ओळ गाळते मी," ती म्हणायची, "आता कोण पेरते ज्वारी?" मग मी रागवायचो आणि ती हसून वाचायची. तुरीवर आली की तिला माहेरच्या वावराची आठवण व्हायची. "दादा म्हणून राहिला होता, यंदा तुरीले फूल लय आहे, पण ढगाळ गेलं तर सारं गळून जाईन." कपाशीच्या औषधाचं नाव वाचता वाचता थांबायची. "हे तेच नव्हं, ज्यानं चुलत्याले गरगरलं होतं? तोंडाले फडकं बांधा म्हणून सांगत जा लोकाईले." मी सांगत असे. फोनवरच्या माझ्या सल्ल्यात तिचं बरंच काही मिसळलेलं होतं आणि ते कोणाला कळत नव्हतं. हिवरखेडला काय चाललंय, विहिरीला पाणी किती, वहिनीशी कोणाचं बिनसलं, हे सगळं मला त्या तक्त्याच्या रकान्यांमधून कळायचं. चहा उकळून कमी व्हायचा.

मग कार्यालयात माझ्यासाठी कॉम्प्युटर आला. अमरावतीला अंध लोकांसाठी एक शिकवणी चालायची, तिथे राहून मी स्क्रीन रीडर शिकलो. पडद्यावरचं सगळं तो बोलून दाखवतो. आवाज हिंदी वळणाचा, 'ळ' त्याला नीट यायचा नाही, पण पहिल्यांदा जेव्हा मी कोणाच्याही मदतीशिवाय पेपरातली एक बातमी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली तेव्हा मला टेबलावर डोकं ठेवून रडू आलं. मी परत वाचणारा माणूस झालो होतो.

पत्रक तेवढं वाचता येईना. कॉम्प्युटरवर आधी तर ते जुन्या फॉन्टमध्ये यायचं. डोळ्यांना मराठी दिसे, पण यंत्राला ती इंग्रजी अक्षरांची खिचडी वाटे आणि ते तशीच बडबडत सुटे. मी अमरावतीला फोन करून युनिकोडमध्ये पाठवा म्हटलं. तिथल्या ऑपरेटरने लगेच पाठवलं. आता शब्द कळू लागले, पण तक्ता कळेना. "कापूस. रिकामं. तुडतुडे. रिकामं. दहा. वीस. रिकामं. फुलकिडे." कोणता दहा कोणाचा, काही पत्ता लागेना. मी घरचा छापील कागद चालूच ठेवला. पण आठवड्याच्या मधेच नवा तक्ता आला तर तो फक्त कॉम्प्युटरवर असायचा.

अशाच एका दिवशी एका बाईचा फोन आला. नवरा बाहेरगावी गेला होता आणि फवारणी तिच्यावर आली होती. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर तिला वाचता येत नव्हतं. नाव तिने अक्षर लावून सांगितलं. ते औषध आदल्याच दिवशी आलेल्या नव्या तक्त्यात होतं. मी बाणाची बटणं दाबत खाली गेलो, वर आलो, परत खाली गेलो. आकडे ऐकू येत होते, पण त्यातला तिच्या औषधाचा कोणता, हे छातीवर हात ठेवून सांगता येईना.

"थांबा जरा," मी म्हणालो.

"पंप पाठीवर आहे जी," ती म्हणाली.

शेवटी मी तिला सांगितलं, आज फवारू नका, मी पक्कं विचारून उद्या सांगतो.

"मंग फोन कायले लावला मी?" एवढं बोलून तिने तो ठेवला. दुसऱ्या दिवशी मी तिला प्रमाण कळवलं, फवारणीही नीट झाली. पण तिचा तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. त्याच आठवड्यात मी रजा टाकली आणि बायकोला बरोबर घेऊन एसटीने अमरावती गाठली.

ऑपरेटर अकोटच्या मुसलमान घरातला होता. वडिलांचा गाद्या भरायचा धंदा, हा शिकून कॉम्प्युटरवर बसलेला. फोनवर बोललो होतो, भेटत पहिल्यांदाच होतो. त्याने खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि म्हणाला, "सर, टेबल तर एकदम साफ आहे. ये देखिए ना." मग त्याच्या लक्षात आलं आणि तो ओशाळला. माझी बायको हसली, तेव्हा कुठे तोही हसला.

पेन ड्राइव्हवर मी स्क्रीन रीडर नेला होता. तो त्याच्या मशीनवर चढवायला लावला आणि म्हटलं, "भाई, आता पडदा बंद कर आणि नुसतं ऐक."

त्याने मॉनिटर बंद केला. यंत्र बोलू लागलं. कापूस, रिकामं, तुडतुडे, रिकामं, दहा, वीस.

"ये दहा किसका है?" त्याने विचारलं.

"तेच तुले विचाराले आलो ना बाप्पा."

पुन्हा लावलं. तो पुन्हा हरवला. स्वतः केलेला तक्ता, पण पडदा बंद होताच त्याला त्यातून वाट सापडेना. थोड्या वेळाने तो उठला, मॉनिटर चालू केला आणि कुठे काय होतंय ते एकेक करून शोधायला लागला. 'कापूस' हा शब्द त्याने पाच ओळींना मिळून एकदाच, मोठ्या चौकटीत लिहिला होता. डोळ्यांना ते छान दिसतं, पण यंत्र पहिल्या ओळीला कापूस म्हणतं आणि बाकीच्यांना काहीच म्हणत नाही. वरची मथळ्याची ओळ दुमजली होती. दोन रकान्यांमध्ये मोकळी जागा दिसावी म्हणून मधे एक रिकामा रकाना टाकलेला होता. आणि एक छोटा तक्ता तर तक्ताच नव्हता, स्पेसबार दाबून दाबून शब्द एकाखाली एक आणले होते.

बायको इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "आणि हे लाल रंगाचं काय?"

"भाभी, जी दवा जास्त विषारी आहे तिचं नाव लाल केलं."

"त्याईले लाल कुठं आयकू येते?"

भाईने खुर्ची पुढे ओढली. मग त्याने कामाला सुरुवात केली. प्रत्येक ओळीत पिकाचं नाव लिहिलं. मथळ्याची एकच ओळ ठेवली आणि ती मथळा आहे हे यंत्राला कळेल अशी खूण केली. मोठा तक्ता मोडून दर पिकाचा वेगळा केला. जिथे काही लिहायचं नव्हतं तिथे 'लागू नाही' टाकलं. लाल नावांपुढे 'अतिविषारी' हा शब्द लिहिला. आणि प्रत्येक तक्त्याच्या वर एक वाक्य, की यात काय आहे आणि रकाने कोणते. मग मॉनिटर पुन्हा बंद केला. आता बाण दाबला की आधी रकान्याचं नाव यायचं आणि मग त्यातला मजकूर. कीड, तुडतुडे. प्रमाण, दहा मिली. भाईने शेवटपर्यंत ऐकलं आणि माझा हात धरून जोरात हलवला.

परतीच्या बसमध्ये मी फार बोलत होतो. बायको खिडकीशी बसली होती. मूर्तिजापूरच्या आसपास तिने विचारलं, "म्हणजे आता मशीनच वाचून दाखवीन?"

"हाव," मी म्हणालो. "आता तुले त्रास नाही."

पुढची काही वर्षं कामाच्या दृष्टीने माझी सगळ्यात चांगली. भाईच्या साहेबाने एकदा कुरकूर केली होती, 'कापूस, कापूस, कापूस काय लावलं आहे, दिसायला बरं नाही.' तेव्हा भाईने छापायची प्रत वेगळी आणि माझी वेगळी अशी सोय काढली. माझी प्रत पाठवण्याआधी तो दर वेळी मॉनिटर बंद करून ऐकायचा. काही अडलं तर फोन करायचा. "सर, 'मिली' को मशीन 'मिली' बोलती है, जैसे कोई मिल गई." मी घरीही एक जुना कॉम्प्युटर घेतला. सकाळी कानात हेडफोन घालून पत्रक ऐकायचो आणि ऑफिसला जायचो. फोनवर माझा आवाज बदलला होता, असं लोक म्हणायचे. कोणी काही विचारलं की मी थेट त्या ओळीवर जायचो आणि सांगायचो. चहा माझ्या हाताशी आणून ठेवलेला असे. कप ठेवल्याचा आवाज हेडफोनमधून येत नाही, म्हणून तो पुष्कळदा गार होई.

एका पावसाळ्यात हिवरखेडहून एक फोन आला. सोयाबीनच्या पानांविषयी विचारत होता. बोलता बोलता त्याने मला ओळखलं.

"तुमी आमच्या गावचे जावई ना जी? तुमच्या सासरचं वावर तर औंदा दुसरेच पेरून राहिले."

मला वाटलं त्याची काही गल्लत झाली. "साळे आहेत ना तिथं," मी म्हणालो.

"कुठचे जी! ते तर होळीच्या आधीच गेले पुण्याकडं, लेकराईले घेऊन. कंपनीत गेटवर आहेत म्हणते. घराले कुलूप आहे."

मी त्याला सोयाबीनचं सांगितलं. काय सांगितलं ते आठवत नाही, पण बरोबरच सांगितलं असणार, कारण ओळ समोर होती.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी बायकोला विचारलं. ती भाजी निवडत होती. हो म्हणाली. दादा पुण्याला गेला, वावर ठोक्याने दुसऱ्याला कसायला दिलं, वहिनीची जायची इच्छा नव्हती, जाताना वहिनीने म्हैस विकली तेव्हा दोघी फोनवर रडल्या, हे सगळं तिने एका दमात सांगितलं, कोणा परक्याची हकीकत सांगावी तसं.

"मले सांगितलं काहून नाही?"

"कवा सांगू?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "सकाळी तुमी कानात ते घालून बसता. सांजच्याले दिवसभर फोनवर बोलून थकून येता. एकदा दोनदा तोंडाशी आलं होतं. मंग म्हटलं, जाऊ द्या."

तिने माझ्यापासून काही लपवलं नव्हतं आणि मीही तिला कधी गप्प केलं नव्हतं. ती सांगायची ती वेळ घरातून निघून गेली होती आणि जाताना आम्हा दोघांनाही कळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेडफोन काढून ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसलो. पण हातात कागद नसताना बोलायचं कुठून हे आम्हाला सुचेना. तिने विचारलं, "आज ऑफिस नाही काय?" मी म्हटलं, आहे. मग मी उठलो.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने भाईची नेमणूक संपली. तो कंत्राटावर होता. त्याने शहरातच झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान टाकलं. जाताना त्याने नव्या माणसाला सगळं समजावून सांगितलं होतं, पण नव्या व्यवस्थेत पत्रक रंगीत झालं आणि तक्त्याचा फोटो बनून यायला लागला. फोटोवर माझं यंत्र एकच शब्द बोलायचं, 'चित्र'. मी तक्रार केली. उत्तर गोड आलं, फरक काही पडला नाही. भाईने दुकानातून काही आठवडे माझ्यासाठी ते पुन्हा टाइप करून पाठवलं, पण त्याच्या पोटापाण्याच्या वेळेत हे किती दिवस चालणार. मीच त्याला थांबवलं.

आणि खरं सांगतो, मला एका बाजूने बरंही वाटलं. मी छापील कागद घरी आणला. सकाळी स्वयंपाकघरात बसलो आणि म्हटलं, "वाचून दाखवतेस का?"

तिने हात पुसले, चष्मा लावला. तोवर तिलाही चष्मा लागला होता. मग ती वाचायला लागली.

"पीक, कापूस. अवस्था, बोंडं धरण्याची. कीड, तुडतुडे. प्रमाण, दहा लिटरला दहा मिली. पीक, कापूस. अवस्था, बोंडं धरण्याची. कीड, फुलकिडे."

प्रत्येक ओळीला ती पिकाचं नाव पुन्हा घेत होती. रकान्याचं नाव आधी, मजकूर नंतर. रिकाम्या जागेवर 'लागू नाही' म्हणत होती, कागदावर तसं लिहिलेलं नसतानाही. ज्वारीची ओळ तिने गाळली नाही. तुरीवर आली तेव्हा मी कान टवकारले, पण ती तूरही तशीच वाचून पुढे गेली. भाईच्या कचेरीत त्या दिवशी तिने सगळं नीट ऐकून ठेवलं होतं.

"असं नको वाचू," मी म्हणालो.

"काहून? असंच पाह्यजे ना तुमाले?"

"आधी वाचायचीस तसं वाच ना."

तिने कागद खाली ठेवला. मला वाटतं तिने खरंच प्रयत्न केला. "तुरीले..." अशी सुरुवात केली आणि पुढे काय म्हणायचं ते तिला सापडलं नाही. "तवा मले माहीत राहायचं ना काय चालू आहे ते," ती म्हणाली. "आता कोणाच्या तुरीचं सांगू?"

आणि ती पुन्हा कागदाकडे वळली. मी ऐकून घेतलं. त्या हंगामभर ती दर वेळी तसंच वाचत राहिली, अगदी चोख, एक आकडा इकडचा तिकडे नाही.

पुढे ती टेलिफोनची सोयच बंद झाली. लोकांच्या हातात मोबाइल आले, सल्ला मेसेजवर जाऊ लागला. मला साध्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसवलं आणि तिथूनच मी निवृत्त झालो. सहज लावला म्हणणाऱ्यांचे फोन कुठे जात असतील, असं कधी कधी मनात येतं. भाईचा ईदला फोन येतो. अजूनही कोणी टायपिंगला तक्ता आणला की तो प्रत्येक ओळीत नाव लिहितो आणि गिऱ्हाईक कटकट करतं, असं सांगतो. मी हसतो. त्याने माझ्यासाठी जे केलं ते दुसऱ्या कोणीही केलं नसतं आणि त्याबद्दल मला कधीही पस्तावा नाही. पस्तावा आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा आणि तो त्याला सांगण्यासारखा नाही.

मागच्या हिवाळ्यात हिवरखेडला एका लग्नाला गेलो होतो. जेवण झाल्यावर मीच म्हटलं, वावराकडे जाऊन येऊ. ती नको म्हणाली, मग आली. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, आम्ही उभे राहिलो. वारा होता आणि काहीतरी उंच पीक सळसळत होतं.

"काय आहे वावरात?" मी विचारलं.

"तूर आहे."

मी वाट पाहिली. शेंगा भरल्यात का, ओळी कशा धरल्यात, विहिरीजवळचं ते निंबाचं झाड आहे की तोडलं, असं ती काहीतरी सांगेल असं मला वाटत होतं. मी विचारायला हवं होतं की नाही, कोण जाणे. तेवढ्यात तिने माझा हात धरला.

"चला," ती म्हणाली, "अकोटची बस निंगून जाईन."